खुर्ची एकच

मुंढव्याला नदीकाठी माझी पत्र्याची शेड.
गणपतीच्या आधी चार महिने तिथे काय काय उभं राहतं,
कैलास, किल्ले, एकदा तर अख्खं चांद्रयान.
त्या साली मे महिन्यात ऑर्डर आली विमानाची.
कॅनबेरा, एकाहत्तरचं, सिनेमावाले म्हणाले,
आणि हातात ठेवला एक फोटो,
धुरकट, शेपूट कापलेला.

होऊन जाईल, मी म्हटलं. मी सगळ्यांनाच म्हणतो.

तपासायला विश्रांतवाडीहून लूनावर एक म्हातारा आला.
वॉरंट ऑफिसर शामुवेल उजगरे, निवृत्त.
लोहगावात बावीस वर्षं
या जातीच्या विमानांच्या पोटाखाली काढलेली.
खिशात सहा इंची पोलादी पट्टी.
चहा नंतर, म्हणाले, आधी पंख दाखवा.

केशरी बाहेर, हिरवा आत.
मी नेमका उलटा रंगवलेला.
काचेचा घुमट मधोमध नको, डावीकडे घ्या.
वाकडं दिसेल हो, काका.
वाकडंच होतं.
रिव्हेट मोजले, भरले जास्त.
एवढं वजन घेऊन हे लोहगावच्या कुंपणाबाहेर गेलं नसतं, म्हणाले.
आवाजवाल्या पोराने पंख्याच्या विमानाची घरघर ऐकवली,
तर म्हणाले, ही पिठाची गिरणी आहे.
आमचं आधी काडतूस फुटायचं, मग काळा धूर,
मग दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी गल्लीत असतो तो वास.
पोराने वहीत लिहून घेतलं: वास.

मग टेम्पोतून उडत्या खुर्च्या आल्या. दोन.
उजगऱ्यांनी एक उचलून शेडबाहेर नेऊन ठेवली,
पंगत उठल्यावर ठेवतात तशी.
खुर्ची एकच. वैमानिकाची.
आणि दुसरा?
दुसरा नकाशे घेऊन पुढे, नाकात.
पालथा पडून काचेतून खाली बघायचा.
छत्री असायची त्याला. उजव्या अंगाला दार असायचं.
वेळ असला तर दार.

दिग्दर्शक पोरगेलासा, वाईट नव्हता.
काका, तो हिरोचा मित्र आहे, म्हणाला,
त्याला असा नाही सोडता येणार.
उजगऱ्यांनी पट्टी रुमालाने पुसली,
खिशात ठेवली.
तेव्हा कुठे चहा घेतला.

रात्री पोरं गेल्यावर मी नाकात शिरलो.
दोन्ही खांद्यांना फायबर घासत होतं,
रेझिन अजून ओलं, डोळे चुरचुरले.
काचेतून खाली शेडची फरशी दिसत होती
आणि रंगवायचा राहिलेला गणपतीचा एक हात.
दार पायांच्या मागे.
वळून तिथवर पोचायला किती लागतं, मोजलं.
एकोणीस.
विमान ठोकळ्यांवर उभं होतं
आणि मला कुठेच जायचं नव्हतं.

सिनेमा दिवाळीत लागला. कॅम्पात,
दुपारच्या खेळाला आम्ही दोघं.
घुमट डावीकडे होता, मी त्यांना कोपराने ढोसलं.
मग माझं विमान पेटलं.
दोन खुर्च्या उडाल्या,
दोन छत्र्या उघडल्या, धुतलेल्या धोतरासारख्या,
आणि थिएटरभर शिट्ट्या.
रंग बरोबर आहेत, उजगरे म्हणाले.
थोड्या वेळाने, गाणं चालू असताना,
त्यांनी एक नाव घेतलं.
मला नीट ऐकू आलं नाही
आणि परत विचारवलं नाही.

पुढच्या वर्षी ते विमान भवानी पेठेतल्या एका मंडळाला गेलं,
दहा दिवसांच्या भाड्याने. आरास म्हणून.
मी दुसरी खुर्ची बसवलीच नाही, पैसेही कापून घेतले नाहीत.
उजव्या दाराशी रांग. उजगरे स्टुलावर बसून
एकेका पोराला आत सोडत होते, पायातल्या चपला काढायला लावून.
एक मुलगी आत गेली, गुडघ्यांवर रांगत,
आणि आतून ओरडली,
आजोबा, इथे बसायचं कुठे?
झोप, उजगरे म्हणाले. पालथी झोप. खाली बघ.
काय दिसतंय ते सांग मला.